भरताच्या वांग्यावरचा लाल कोळी: जात कशी ओळखायची?

वावरवाला_यावल
रामराम मंडळी. यावल तालुक्यात दीड एकर भरताची वांगी आहेत, ठिबकवर, आपली नेहमीची हिरवी-पांढरी. संक्रांत झाली तशी खालची पानं वरून बारीक पांढरट ठिपक्यांनी भरली, आता तांबूस पडून वाळताहेत. पान उलटं केलं की धूळ अडकलेलं बारीक जाळं आणि त्यात चालणारे लाल कण. बांधाकडच्या ओळी सगळ्यात खराब. पलीकडे शेजाऱ्याने फरदड कपाशी नुकतीच उपटली. कृषी केंद्रवाल्याने आधी इमिडा (इमिडाक्लोप्रिड, रस शोषणाऱ्या किडींचं औषध) दिलं, मग पांढऱ्या माशीसाठी म्हणून सायपरमेथ्रीन मिसळलेलं काहीतरी. दोन्ही मारून झालं, हा लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, वाढतोच आहे. पुतण्या मोबाईलवर बघून म्हणतो, हा टेट्रानिकस अर्टिकी नाही. त्याच्या पाठीवर दोन काळे ठिपके असतात, हा तर पूर्ण लाल. मग हा कोण? फोटो टाकलेत. जात कळली तर औषध नेमकं घेता येईल.

शहाद्याचा_पपईवाला
भो, लाल कोळी तो लाल कोळी. आमच्या पपईवर दर उन्हाळ्यात असतो. गंधक मार, विषय संपला.

भिंगवाली
पपईवाले दादा, पारा पस्तिशीकडे गेला की गंधकाने पान करपतं, आणि आपल्याकडे मार्चातच तेवढं ऊन असतं. यावलच्या भाऊंना हा सल्ला नको.

आता जातीचं. भाऊ, फोटोवरून जात सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मीही सांगणार नाही. जाळं, खालच्या बाजूची वस्ती आणि पानावरचे ठिपके यांवरून टेट्रानिकस गटातला कोळी असावा, इथपर्यंत ठीक. पुढे रंग फसवतो. ते दोन काळे ठिपके म्हणजे पोटातलं खाणं कातडीतून दिसतं, ते कमी-जास्त होतं. शिवाय अर्टिकीचा लाल प्रकारही असतो. त्याला पूर्वी सिनाबॅरिनस म्हणून वेगळी जात धरायचे, आता बहुतेक तज्ज्ञ दोन्ही एकच मानतात. त्यामुळे पुतण्याचा तर्क इथे चालत नाही. उलट बाजूने, लुडेनी, मॅकफार्लनी, निओकॅलेडोनिकस या आपल्याकडे सापडणाऱ्या जातींच्या माद्याही लालच. अर्ध्या मिलिमीटरची लाल मादी बघून यातली कोणती ते डोळ्यांनी ठरत नाही.

खरी ओळख नरावरून होते. नराचं जननेंद्रिय कडेने बघावं लागतं: टोकाला गाठ आहे का, किती मोठी, कुठल्या बाजूला वळलेली. त्यासाठी नर काचपट्टीवर बरोबर कुशीवर बसवायचा. थोडा जरी कलला तरी आकार वेगळा दिसतो आणि नाव चुकतं. माझं निम्मं काम त्याला कुशीवर झोपवण्याचंच आहे, आणि तो मेल्यावरही ऐकत नाही.

म्हणून नमुना घेताना फक्त ठळक लाल माद्या गोळा करू नका, सगळे तेवढेच आणतात! नर लहान, फिकट, मागे निमुळता आणि पायांनी लांब दिसतो. तो सापडतो कुठे? कात टाकण्याआधी मादी काही वेळ निश्चल पडून असते, तिच्या शेजारी हा पहारा देत बसतो. दहापट भिंगाखाली अशा जोड्या शोधा. ओल्या ब्रशने उचलून सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत टाका, कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: पीक, गाव, तारीख. शाईने लिहाल तर अल्कोहोलमध्ये पुसून जाईल. कृषी विज्ञान केंद्रात किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्रवाल्यांना विचारा, पुढे कुठे पाठवायचं ते सांगतील. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात कोळ्यांवर अखिल भारतीय प्रकल्पाचं काम चालतं.

नंदुरबारी_मिरची
ताई, आमच्या मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळतात तो रोग, पण हाच कोळी करतो का?

भिंगवाली
नाही. तो पिवळा कोळी, वेगळ्या कुळातला. जाळं करत नाही, शेंड्यात राहतो, भिंगाशिवाय दिसणं कठीण. पानं खाली वळून होडी उलटी घातल्यासारखी झाली तर त्याच्यावर संशय घ्या; वर वळली तर आधी फुलकिडे बघा. बोकड्यात विषाणूही असू शकतो.

वावरवाला_यावल
ताई, नर सापडले! मादीशेजारीच होते. पण निकाल येईपर्यंत वांगी तग धरणार का? आणि एक, पानाखाली काही चकचकीत, फिकट, पळणारे कोळी पण आहेत. जाळ्यात थांबत नाहीत.

भिंगवाली
ते पळणारे बहुधा तुमचेच राखणदार, भक्षक कोळी. लाल कोळ्याची अंडी आणि पिल्लं खातात. ज्या ओळीत ते दिसतात तिथे फवारा थांबवून बघा. टाचणीच्या डोक्याएवढे काळे भुंगेरे दिसले तर तेही मित्रच. सायपरमेथ्रीनने हेच आधी मरतात आणि कोळ्याला रान मोकळं मिळतं. इमिडानेही काही पिकांत कोळी वाढल्याच्या नोंदी आहेत. आधीच्या दोन फवाऱ्यांनी काय झालं असेल ते आता लक्षात येईल.

औषधासाठी निकालाची वाट बघत बसू नका. आज लागतं ते कोळीनाशक, साधं कीटकनाशक नव्हे. वांग्याच्या लेबलावर स्पायरोमेसिफेन आणि प्रोपरगाईट दोन्ही आहेत. पहिलं अंडी-पिल्लांवर चांगलं, पण हळू, दुसऱ्या दिवशी मेले नाहीत म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. दुसरं हिंडणाऱ्या कोळ्यांवर. एकच औषध लागोपाठ नको; अर्टिकी निघाला तर फारच नको, जगात नव्वदहून जास्त कीटकनाशक-कोळीनाशकांना त्याने दाद न दिल्याच्या नोंदी आहेत. उन्हात त्याची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, तेव्हा पहिल्या फवाऱ्यानंतर आठवड्याने पानं उलटून पाहा. नोझल खालून वर धरा, वरून भिजवलेल्या पानाखाली कोळी सुखात असतो. तोडणी चालू आहे ना? लेबलावरचे थांबायचे दिवस मोजूनच बाजारात माल न्या.

बांधावर एरंडी आहे का? असेल तर तीही उलटून बघा.

वावरवाला_यावल
आहे. दोन झाडं. बघितली, पानं लालच आहेत. उद्या तोडतो, आणि त्यांच्यावरचे नर वेगळ्या कुपीत टाकतो.

भिंगवाली
टाका, पण चिठ्ठीवर 'एरंडी' लिहा. वांग्यावर आणि एरंडीवर एकच जात असेलच असं नाही, म्हणून दोन्ही वेगळ्या तपासायला सांगा.