वॉचमनच्या मानेवरचा विंचू

आमची सोसायटी काळाचौकीला. जुनी चाळ पाडून दोन विंग उभ्या राहिल्या. ए विंग १४ मजली, तिच्यात चाळीतले जुने भाडेकरू. बी विंग ३१ मजली, तिच्यात विकत घेऊन आलेले. लिफ्ट वेगळ्या, गेट एक आणि ग्रुपही एकच. गेल्या आठवड्यातली चर्चा इथे उतरवून ठेवतोय. नावं बदलली आहेत, विंग मात्र आहेत तशाच ठेवल्या. गुड मॉर्निंगची फुलं आणि टँकरच्या वेळा गाळल्यात. मी जॉइंट सेक्रेटरी, त्यामुळे मधेमधे माझी लुडबूड आहेच.

देशपांडे (बी-१८०३): सेक्रेटरी साहेब, रात्रपाळीला एजन्सीने हा कोण पाठवलाय? मानेवर विंचू, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. मुली क्लासवरून रात्री साडेनऊ-दहाला येतात. कृपया बदलून घ्यावा.

सौ. लिमये (बी-२४०२): अनुमोदन. अगदी टपोरी दिसतो.

पाटकर, सेक्रेटरी (ए-३०२): नमस्कार. पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं आहे, कागद ऑफिसात आहेत. त्याने काही गैरवर्तन केलं का?

सौ. लिमये: गैरवर्तन नाही हो. पण आपल्याकडे पाहुणे येतात, गेटवर पहिला तोच दिसतो. सोसायटीची काही इमेज आहे की नाही?

नेहा (बी-२१०२): माझ्याही मानेवर आहे काकू. मागच्या बाजूला. केस वर बांधले की दिसतो.

सौ. लिमये: अगं तुझं वेगळं. किती नाजूक आहे ते. कमळ ना?

नेहा: हो, कमळच. पण सुई तीच असते.

(यानंतर तीन मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. आमच्या ग्रुपवर तीन मिनिटं म्हणजे दुखवटाच.)

ओंकार (ए-२०४): आदित्यदादाच्या तर अख्ख्या हातावर वाघ आहे. गणपतीत ढोल वाजवताना सगळ्यांनी फोटो काढले त्याचे. ग्रुपच्या डीपीला महिनाभर तोच होता.

सौ. लिमये: आमच्या आदित्यचं काम वांद्र्याच्या आर्टिस्टकडचं आहे. दोन महिने वेटिंग होतं. आणि तो आयटीत आहे.

ओंकार: मग वॉचमन आयटीत असता तर चाललं असतं का?

पाटकर: ओंकार, मोठ्यांशी नीट.

ओंकार: सॉरी काकू.

मोरे, निवृत्त हवालदार (ए-७०३): सगळ्यांना नमस्कार. ३४ वर्षं खात्यात काढली म्हणून दोन शब्द. गोंदलेला म्हणजे गुन्हेगार हे आधी डोक्यातून काढा. पाकीटमारांचे हात बहुतेक कोरे बघितलेत मी, त्यांना ओळख पटून चालत नाही. बेवारस प्रेत सापडलं की पंचनाम्यात लिहायचो, रंग सावळा, बांधा मध्यम, उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेले. पेपरात ओळख पटवायची जाहिरातही त्याच शब्दांत जाते. हातावर नाव दिसलं की आम्हाला हायसं वाटायचं, याचं घर सापडेल. कोऱ्या हाताचा माणूस पुष्कळदा बेवारसच जायचा. माझ्या स्वतःच्या दंडावर मारुती आहे, गावच्या जत्रेत तेराव्या वर्षी काढलेला. दंड वाढला तशी गदा वाकडी झाली. खात्यात कोणी कधी विचारलं नाही.

देशपांडे: मोरे साहेब, आपल्याबद्दल आदर आहे. पण गँगवाले, तुरुंगातून सुटलेले लोक असेच असतात हे नाकारता येत नाही.

नेहा: काका, कैद्यांच्या अंगावर गोंदायचं काम एके काळी सरकारच करायचं. कंपनीच्या राज्यात बंगाल, मद्रासकडे कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदत. गोदना म्हणत त्याला. सुटून आलेली माणसं फेटा भुवईपर्यंत ओढून घेत. १८४९ मध्ये ते बंद झालं. नजर बंद झाली नाही, असं मला वाटतं.

सौ. लिमये: हे कुठे वाचलंस?

नेहा: एमएला होतं काकू.

कुलकर्णी, ट्रेझरर (बी-९०१): ऐतिहासिक माहितीबद्दल आभार. मार्चचा मेंटेनन्स अजून ११ जणांचा बाकी आहे.

सावंत वहिनी (ए-१००१): मी एरवी इथे लिहीत नाही, पण विषय निघालाच आहे तर. आमच्या धाकट्याने दंडावर शिवमुद्रा काढली. मित्रांबरोबर गेला, शिवजयंतीच्या आदल्या दिवशी. आम्हालाही आवडली, खोटं कशाला सांगू. पुढच्या वर्षी अग्निवीरची तयारी सुरू केली तेव्हा अकॅडमीतले सर म्हणाले, दंडावर चालत नाही. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत चालतं, नाहीतर तळहाताच्या पाठीवर. दंड, छाती, मान, काहीच नाही. आदिवासी मुलांच्या परंपरेच्या गोंदणाला सूट असते. आता लेसर करतोय. एकेक सीटिंग झालं की दीड-दोन महिने थांबायचं. काळी शाई लवकर जाते म्हणे, मधे थोडा भगवा भरलाय तो हलत नाही. जिथे काढलं तिथे चार हजार दिले होते, पुसायला पाचपट गेले. आणि पुसताना रडला हो पोरगा. दुखतं म्हणून नव्हे, महाराजांची मुद्रा पुसतोय म्हणून.

मोरे: वहिनी, त्याला माझ्याकडे पाठवा. रनिंगचं बघू.

शिर्के सिस्टर (ए-५०१): माझा मुद्दा फक्त सुईचा आहे. कोणी काय काढावं ते ज्याचं त्याने बघावं, पण सुई नवीन आणि पाकीट आपल्यासमोर फोडलेलं हवं. शाईसुद्धा प्रत्येकासाठी वेगळ्या छोट्या टोपणात ओतलेली हवी. जत्रेत एकाच सुईने पंधरा पोरं उरकतात. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळं त्यातून जाऊ शकतं. १ मेच्या रक्तदान शिबिरात डॉक्टरांनी आदित्यला परत पाठवलं ते याचसाठी. टॅटू काढल्यापासून वर्षभर रक्त घेत नाहीत, मग तो वांद्र्यात काढा नाहीतर गावदेवीच्या जत्रेत. तिथे दोघे सारखेच.

सौ. लिमये: आदित्य स्वतःहून परत आला होता.

शिर्के सिस्टर: हो का. फॉर्म मीच भरत होते.

(इथे मी मोबाईल खिशात टाकून खाली गेलो. अकरा वाजत आले होते. वॉचमन खुर्चीत बसून रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहीत होता. मला बघून उठला आणि मी काही बोलायच्या आत त्याने शर्टाची कॉलर वर ओढली. त्याला कोणीतरी सांगितलं असणार, सोसायटीत बातमी खाली जायला लिफ्ट लागत नाही. मी विंचवाचं विचारलं. म्हणाला, “रास आहे साहेब. वृश्चिक.” हातावर आईचं नाव, बायकोचं नाव, खंडोबा आणि मनगटाशी नुसती एक तारीख. तारखेचं मी विचारलं नाही. “काढून टाकतात का हो ते? किती घेतात?” एवढंच त्याने मला विचारलं. वर येऊन हे सगळं मी ग्रुपवर टाकलं.)

देशपांडे: रास असेल, पण लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मुलीला ती रास आहे हे कसं कळणार?

(हा प्रश्न मला अगदीच टाकाऊ वाटला नाही. देशपांडे माणूस वाईट नाही. गेल्या पावसात ए विंगच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं तेव्हा बादली घेऊन आलेला बी विंगमधला तो एकटाच.)

ओंकार: आजी म्हणतेय तिला बोलायचंय. व्हॉइस नोट तिला जमत नाही, मधेच बटण सुटतं. मी टाइप करतोय. ती बोलेल तसंच लिहिणार, हसू नका.

ओंकार: “मी ए-२०४ मधली आजी. माझ्या दोन्ही हातांवर गोंदलेलं आहे. उजव्यावर तुळस, डाव्यावर राम-लक्ष्मणाची जोडी आणि विंचू. विंचू मलापण आहे. अंगावर असला की खरा विंचू चावत नाही म्हणत. मला दोनदा चावला, ते सोडा. कपाळाला एक, हनुवटीला एक ठिपका. माण तालुक्यातलं आमचं गाव. गोंदणाऱ्या बायका सुगीनंतर यायच्या, त्यांची पालं गावाबाहेर पडायची. गावात त्यांना राहू देत नसत, पण पोरींचे हात त्यांच्याच मांडीवर द्यायचे. मी आठ वर्षांची. दोघींनी धरलं, एकीने तोंडात गूळ कोंबला. तीन सुया दोऱ्याने बांधलेल्या, दिव्याची काजळी कसल्या तरी पाल्याच्या रसात कालवलेली. टोचताना ती गाणं म्हणायची, रडू ऐकू जाऊ नये म्हणून. वरून हळद. आठ दिवस हात सुजला.”

ओंकार: “सासरी आले तर आजेसासूने आधी हात बघितले, मग तोंड. हात कोरे असले तर तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. सोनंनाणं मेल्यावर काढून घेतात, एवढं एक वर सोबत येतं म्हणायची ती.”

ओंकार: “१९६६ ला मुंबईत आले. मालक गिरणीत, मी दहा माणसांची खाणावळ चालवायची. चाळीत सगळ्यांचेच हात असे, कोणी काही म्हणत नव्हतं. पण दादरला एका घरी पोळ्यांना जायचे. त्या बाई त्यांच्या मैत्रिणीला माझ्यासमोर म्हणाल्या, चेहऱ्यावर ते हिरवं बघितलं की कसंसंच होतं, पण पोळ्या करते छान. तेव्हापासून मी हनुवटीला पावडर लावायला लागले. आमच्या पोरीला शाळेत पालकांना बोलवायचे. ती म्हणाली, आई, येताना लांब हाताचं पोलकं घाल. घातलं. मे महिना होता.”

(ओंकारची आई सुनंदाताई ग्रुपवर आहेत. मेसेज त्यांनी वाचला असणार. लिहिलं काही नाही.)

नेहा: आजी, तुळशीचा फोटो पाठवाल? मला तसाच हातावर काढून घ्यायचाय. तुमची परवानगी असेल तर.

ओंकार: आजी विचारतेय, किती घेतात?

नेहा: कमीत कमी तीन हजार. पुढे इंचावर.

ओंकार: आजी हसतेय. म्हणते आम्ही सूपभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं दिलं होतं. त्यातही आईने घासाघीस केली.

ओंकार: आणि म्हणते, तुळस काढशील तर खाली वृंदावनाची चौकट काढायला विसरू नको. नुसतं झाड काढलं तर ते मिरचीचं दिसतं.

सौ. लिमये: आजींचं गोंदण ही आपली परंपरा आहे. त्याचा मान राखलाच पाहिजे. मी कुठे काय म्हणाले?

शिर्के सिस्टर: लिमये वहिनी, वॉर्डात मी ३० वर्षं बघितलंय. गोंदलेल्या हाताची बाई आली की आयासुद्धा तिला “ए, सरक” म्हणायची. केसपेपरवरचं वय, नाव वाचायच्या आधी. आणि आता तोच हात मासिकात छापला की परंपरा.

देशपांडे: विषय भरकटतोय. आजींबद्दल कोणाचंच काही म्हणणं नाही. मी मानेवरच्या विंचवाबद्दल बोलतोय.

मोरे: विंचू आजींनाही आहे साहेब.

देशपांडे: हातावर आहे. मानेवर नाही.

पाटकर: एजन्सीशी बोललो. ते म्हणतात लांब बाह्यांचा शर्ट देऊ, एका शर्टचे ४५० जादा. तीन शर्ट लागतील. मान झाकायचं त्यांच्याकडे काही नाही.

कुलकर्णी: १,३५० रुपये कुठल्या खात्यात टाकू? सुशोभीकरण?

मोरे: मे महिन्यात लांब बाह्या आणि गळ्याला मफलर. चोर हसून हसून परत जाईल.

पाटकर: रविवारी साडेदहाला मीटिंग. गच्चीवर ऊन असतं, ऑफिसात घेऊ. तोपर्यंत वॉचमन आहे तोच राहील, शर्टही आहे तोच. कृपया कोणी गेटवर जाऊन त्याला परस्पर सूचना देऊ नयेत. कॉलर वर करायला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे.

(ते कोण, हे त्यांनी लिहिलं नाही. बी-२४०२ कडून “ओके” आला.)

सुनंदा (ए-२०४): मी ओंकारची आई. ते पोलकं मीच शिवून आणलं होतं. चिवडा गल्लीच्या टोकाला एक टेलर बसायचा, त्याच्याकडून. निळं होतं, मनगटाला दोन बटणं. खाऊचे पैसे साठवून. आठवीत होते मी. आईला सांगितलं की वाढदिवसाची भेट आहे.

ओंकार: आजीला वाचून दाखवलं.

ओंकार: म्हणते, काखेत तंग होतं.