राणीच्या बागेत मुलांकडून निरीक्षण कसं करून घ्यावं?

प्रश्न (गुहागर)
मे महिन्यात आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना राणीच्या बागेत न्यायचं आहे. नुसती धावपळ आणि फोटो नकोत. विज्ञानाची गोडी लागेल असं नेमकं काय करून घ्यावं?

उत्तर १
तीनच प्राणी निवडा, प्रत्येकापाशी वीस मिनिटं. वहीत रकाने आखा: चालतो, खातो, अंग चाटतो, पडून आहे, दिसत नाही. दर मिनिटाला घड्याळ बघायचं आणि त्या क्षणी प्राणी जे करत असेल तिथे एक रेघ. मधल्या वेळात डरकाळी फोडली तरी रेघ नाही, नाहीतर नजरेत भरणाऱ्या गोष्टीच जास्त मोजल्या जातात. वीसपैकी आठ रेघा ‘चालतो’मध्ये आल्या की ४० टक्के, हे गणित थोरल्याकडे द्या.

हमखास होणारी चूक म्हणजे ‘वाघ कंटाळलाय’ असं लिहिणं. लिहायचं ते ‘कुंपणाच्या कडेने त्याच वाटेने सहा फेऱ्या’. कंटाळा हा आपला अंदाज, तो मागच्या पानावर प्रश्नचिन्ह घालून.

बुधवारी बाग बंद असते. सकाळी उघडताच शिरा. दुपारी बहुतेक प्राणी सावलीला आडवे होतात आणि सगळ्या रेघा एकाच रकान्यात पडतात.

उत्तर २
पेंग्विनसाठी नकाशा न्या. तिथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, मूळ पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. लिमा विषुववृत्तापासून १२ अंशांवर, मुंबई १९. मग पेंग्विन तिकडे कसा? उत्तर (दक्षिणेकडून येणारा गार हम्बोल्ट प्रवाह) लगेच सांगू नका, घरी येईपर्यंत डोक्यात घोळू दे.

उत्तर ३
बाग वर्षातून एकदा, तुमचा कातळकिनारा दर पंधरवड्याला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पुनवेनंतरची तृतीया धरा: भरती सव्वादोनला, म्हणजे तळाची ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून तासभर आधी पोचा. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं आणि एरवी न दिसणारी डबकी उघडी पडतात. एकच डबकं ठरवून दर वेळी तेच मोजा. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा. खालचे जीव उन्हात सुकून मरतात. शंकूसारखा शंख जिवंत असेल तर हात लावू देऊ नका, त्याचा दंश विषारी असतो.

प्रश्नकर्ती
धाकटीला लिहायचा कंटाळा आहे.

उत्तर १
तिच्याकडे घड्याळ द्या. दर मिनिटाला तिने ‘आता’ म्हणायचं, रेघ दादाने मारायची.