माळ्यावरचा हंडा

धाकटे काका: जुनं घर उतरवायचं काम बुधवारपासून. आज माळा रिकामा केला. एक पत्र्याची पेटी, दोन पायल्या, कुरीचं चाडं आणि एक तांब्याचा हंडा निघालाय. मोडीवाला उद्या येतोय. कुणाला काय पायजे आसंल तर आजच सांगा. मागनं भांडायचं न्हाई.

पुण्याची ताई: काका, हंड्याचा फोटो टाका की. काठावर काही कोरलंय का?

धाकटे काका: टाकलाय बघ. काळा ठिक्कर पडलाय, वाचता येत न्हाई.

वैनी: मी चिंच लावून घासला. "मामाकडून भाचीस लग्नात सप्रेम भेट. ता. चंदगड, जि. बेळगाव. सन १९५" एवढंच. शेवटचा आकडा गेलाय, तिथं मोठा पोचा आहे.

बेंगळुरूचा दादा: चंदगड, जि. बेळगाव? चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात. कोरणाऱ्यानं घोळ घातला वाटतं.

पुण्याची ताई: घोळ नाही रे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं आणि अख्खा जिल्हा मुंबई राज्यात. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, चंदगड तालुका तेवढा काढून कोल्हापूरला जोडला. म्हणजे आबा-आज्जीचं लग्न त्याच्या आधीचं. आज्जी लग्न करून आली तेव्हा माहेर-सासर एकाच जिल्ह्यात होतं, आणि पुढं ती भाऊबीजेला शिनोळीवरनं माहेरला निघाली की दुसऱ्या राज्यात जायची.

धाकटे काका: आबा तर अठ्ठावन साल म्हणायचे. आणि भांडं कोरणारा जुनाच पत्ता घालणार. दोन वर्षात कुणाच्या तोंडात नवा जिल्हा बसतोय? २०१४ ला बेळगावी झालं, तू काय म्हणतीस अजून?

मोठी आत्या: माझा जन्म कवाचा रे?

धाकटे काका: दाखल्यावर १ जून १९५६.

मोठी आत्या: मग मला पाळण्यात घालून आबांनी लग्न केलं व्हय?

वैनी: आई गं, हसून हसून पोट दुखलं.

बेंगळुरूचा दादा: १ जूनवर जाऊ नका. आपल्या घरात तिघांचे वाढदिवस १ जूनला आहेत. मास्तर शाळेत घालताना सगळ्यांना तीच तारीख ठोकायचे.

धाकटे काका: माझी तारीख मात्र पक्की. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटेचा मी. ११ डिसेंबर १९६७. आई सांगायची, चुलीजवळची उतरंड कोसळली आणि मी आलो.

वैनी: आणि दाखल्यावर?

धाकटे काका: १ जून.

बेंगळुरूचा दादा: काका, पेटीतल्या कागदांचे फोटो पाठवा. कानडी असतील तर मी वाचतो. आबांनी जमीन कधी विकत घेतली ते तरी कळेल.

मोठी आत्या: विकत? कुणी सांगितलं विकत घेतली म्हणून?

पुण्याची ताई: आत्यांनी सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मला पाठवलाय. जसा आहे तसा लिहून काढते, सगळ्यांनी वाचा.

"आबांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. शहरातल्या एका सावकाराची दीड एकर खंडानं करायचे. रोहिणीत धूळवाफेवर कुरीनं भात पेरायचं, तेबी बासमतीच. शिजला की वास अख्ख्या गल्लीत जायचा म्हणतात, खरं आमच्या ताटात कुठला? बासमती खंडाला आणि बाजाराला. घरात नाचण्याची भाकरी, न्हाईतर रताळी. आईनं माहेरातनं एक म्हस आणलेली. तिचं दूध घेऊन शहापूर-वडगावला विणकरांच्या गल्लीत रतीब घालायची, चालत. तिथंच कानडी शिकली. सही करायला येत नव्हती, खरं कानडी बोलाय लागली की तिथल्या बायका विचारायच्या, माहेर धारवाडाकडं काय?

माझ्या लग्नाच्या आदल्या साली कुळांनी अर्ज भरा म्हणून गावात बोंब झाली. फॉर्म नंबर सात. आबा भ्याले. सावकाराचं मीठ खाल्लंय म्हणाले. आई म्हणाली, भात आपण पिकवतोय, खातोय तो, मग मीठ कुणी कुणाचं खाल्लं? ट्रिब्युनलपुढं आबांना कानडीतनं विचारलं, जमीन कोण करतंय. आबा गप्प. त्यांना कळलंच न्हाई. मागनं आई बोलली, 'नाव माडतेव्री.' आमीच करतो म्हणून. खंडाची पावती विचारली, तर सावकार कवा पावती देत होता? मग आई बांधावरची झाडं मोजून सांगाय लागली. पाणी कुणाच्या वाफ्यातनं कुणाच्या वाफ्यात उतरतंय, तेबी. शेजारच्या बांधाच्या दोघांनी साक्ष दिली. जमीन झाली. नाव आबांचं लागलं. रतीबाच्या पैशातनं सरकारचे हप्ते कुणी भरले, ते मला इचारा."

वैनी: हे मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

पुण्याची ताई: हे कर्नाटकातल्या कुळकायद्यातलं. १ मार्च १९७४ ला कुळांनी कसलेली जमीन सरकारकडं गेली आणि मग कुळांनी फॉर्म ७ भरून ती मागायची, असं होतं. तालुक्याला ट्रिब्युनल बसायची. आत्यांचं लग्न सत्त्याहत्तरचं, म्हणजे बरोबर जुळतंय.

बेंगळुरूचा दादा: ऑर्डर सापडली. शेवटचं पान वाळवीनं खाल्लंय. मधे एका ओळीत 'हेंडती' आहे, म्हणजे बायको. "अर्जदाराच्या बायकोनं सांगितलं की जमीन तेच कसतात." नाव लिहिलेलं नाही.

पुण्याची ताई: हंड्यावरही 'भाचीस' एवढंच आहे.

मोठी आत्या: तिचं माहेरचं नाव येगळं होतं. आबांनी लग्नात तांदळात लिहून बदललं. आता दोन्ही नावं ठाऊक असलेली मी एकटी.

धाकटे काका: मोडीवाल्याला नको येऊ म्हणून सांगितलं. खरं त्या पोच्याचं काय? लोहाराकडनं काढून घेतला तर आकडा दिसंल काय?

मोठी आत्या: न्हाई दिसायचा. विहिरीच्या कठड्यावर मीच आपटलेला. आठ वर्षांची होते. आईनं हंडा बघितला, मग मला बघितलं.

शिनोळीचा मामेभाऊ: हंडा मूळचा आमच्याकडचा. ठेवायला जागा नसंल तर आमी घेऊन जातो.

मोठी आत्या: लग्नात दिलेलं भांडं माहेराला परत जात न्हाई. मी ठेवून घेते.

धाकटे काका: अक्का, तुजंबी हे माहेरच की.