मदत हवी आहे : नेटवर टाकलेली कथा दिवाळी अंकाला 'अप्रकाशित' म्हणून देता येते का? (तातडीचं)

कोरा_कागद · मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, ती घेतली आहे. सोबत एक पानी पत्र आलंय, गुरुवारी संध्याकाळपर्यंत सही करून स्कॅन पाठवायचं आहे. त्यात वाक्य आहे : 'सदर कथा स्वतंत्र, अप्रकाशित व अप्रसारित असून अन्यत्र विचारार्थ पाठवलेली नाही.' कथा आधी नेटवर टाकली होती. आता काढून टाकली तर सही करायला हरकत नाही ना? हो की नाही एवढंच सांगा, वेळ नाहीये.

रफार · मंगळवार, रात्री ११:२४

नाही.

पण 'नेटवर' म्हणजे कुठे? स्वतःचा ब्लॉग, फेसबुकची भिंत, चाळीस जणांचा बंद गट, कथांचं ॲप, यावर पुढचं सगळं ठरतं. पूर्ण कथा होती की एखादा भाग? कुठल्या नावानं? पैसे मिळाले का?

जुनी_शाई · मंगळवार, रात्री ११:४०

काढून टाका आणि ठोका सही. ऑगस्टात संपादकाच्या टेबलावर अख्खा अंक पडलेला असतो, तुमची एक कथा कोण शोधत बसतंय? प्रकाशित म्हणजे छापलेलं. बाकी सगळा कच्चा खर्डा.

रफार · मंगळवार, रात्री ११:५२

@जुनी_शाई, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३ वाचा. प्रती काढून किंवा कुठल्याही मार्गानं लोकांपर्यंत पोचवून कृती उपलब्ध करणं म्हणजे प्रकाशन. त्यात छापखाना लागत नाही. आणि कोण शोधतंय म्हणाल तर कथेतलं एखादं वेगळं आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलला द्यायचं. अर्धं मिनिट.

बंद गटात प्रतिक्रियेसाठी टाकलेला मसुदा बरेच संपादक अप्रकाशितच धरतात. म्हणून 'कुठे' हे विचारतोय.

कोरा_कागद · बुधवार, सकाळी ७:०५

ॲपवर. ६ भागांत, पूर्ण. टोपणनावानं. पैसे नाही मिळाले. आता तरी हो की नाही?

तळटीप · बुधवार, सकाळी ७:४८

उत्तर 'नाही'च आहे. आणि आधी एक : कथा अजून डिलीट करू नका. ॲपवरच्या पानावर प्रसिद्धीची तारीख असते. उद्या कुणी 'ही कथा माझी' म्हणालं तर तो तुमचा सगळ्यात सोपा पुरावा, आणि पान उडवलं की वाचनसंख्या नि प्रतिक्रियांसकट तो जातो. सहाही भागांचे तारखेसह स्क्रीनशॉट काढा, संगणकावरून पानं पीडीएफ करून ठेवा, स्वतःला मेल करा.

मग ॲपच्या अटी उघडा. मराठीतल्या सारांशावर जाऊ नका, इंग्रजी मूळ मजकूर बघा. 'लायसन्स' शब्द शोधा आणि त्याच्या आधी 'नॉन-एक्स्क्लुझिव्ह' आहे की नुसतं 'एक्स्क्लुझिव्ह', ते पाहा. नॉन-एक्स्क्लुझिव्ह असेल तर कथा दुसरीकडे द्यायला तुम्ही मोकळ्या/मोकळे. एक्स्क्लुझिव्ह असेल तर दिवाळी अंकाला पुनर्मुद्रणासाठीसुद्धा देता येणार नाही, मग कथा ॲपवर दिसो वा न दिसो. पान काढल्यानं करार संपत नाही. 'खातं बंद केल्यावरही लागू' अशा अर्थाचं वाक्य कुठेतरी तळाशी असतं, तेही बघा. ऑडिओ, भाषांतर, रूपांतर हे शब्द आले असतील तर त्यांची मुदत किती ते टिपून ठेवा.

खडूफळा · बुधवार, सकाळी ८:१५

सगळ्यात आधी कॉपीराइटची नोंदणी करून घ्या साहेब. ऑनलाइन होते, साहित्यकृतीला ५०० रुपये फी. आणि पुढे पुस्तक काढायचं असेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) भारतात फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून. खाजगी लोक त्याचे हजारो रुपये घेतात, फसू नका.

रफार · बुधवार, सकाळी ८:२२

माहिती खरी आहे, पण विचारलंय कुणी? अर्ज केल्यावर हरकतींसाठीच ३० दिवस थांबावं लागतं, इथे सही उद्या करायची आहे. शिवाय हक्क लिहिल्याक्षणी लेखकाचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. भांडण कोर्टात गेलं तर तिचा उपयोग.

कोरा_कागद · बुधवार, सकाळी ८:४०

साहेब नाही, बाई. अटी बघितल्या, नॉन-एक्स्क्लुझिव्ह लिहिलंय. मग तर झालं ना काम?

तळटीप · बुधवार, सकाळी ९:०२

अर्धं. कथा द्यायचा अधिकार तुमच्याकडे आहे एवढंच ठरलं. 'अप्रकाशित' अजून खोटंच आहे.

जुनी_शाई · बुधवार, सकाळी ९:३०

ताई, पात्रांची नावं बदला, शेवट फिरवा, नवं शीर्षक द्या. झाली नवी कथा. बोभाटा कशाला?

रफार · बुधवार, सकाळी ९:४१

घटनाक्रम तोच, पात्रं तीच, संवाद तेच आणि सुलभाची सुमन केली, तर तो त्याच कथेचा सुधारित मसुदा. शोधायला वाक्यंच वापरतात, नावं नाही. उलट शीर्षक बदललेलं सापडलं की ते लपवल्यासारखं दिसतं. पुनर्लेखन खरंच केलं असेल तर ते सांगण्यासारखं आहे, लपवण्यासारखं नाही.

तळटीप · बुधवार, सकाळी १०:१०

@कोरा_कागद, आज दुपारपर्यंत संपादकांना मेल करा. फोन नको, लेखी राहू दे. एवढाच मजकूर पुरे :

'नमस्कार. निवडीबद्दल आभार. ही कथा (इथे महिने) या काळात (ॲपचं नाव) वर (टोपणनाव) या नावानं ६ भागांत प्रसिद्ध झाली होती. छापील माध्यमात ती कुठेही आलेली नाही. ॲपच्या अटींनुसार अन्यत्र प्रसिद्धीला अडचण नाही. आपल्याला चालत असल्यास पत्रातल्या वाक्यात "छापील माध्यमात अप्रकाशित" असा बदल करून मिळावा. चालत नसल्यास कुठेही न आलेली दुसरी कथा लगेच पाठवू शकते.'

शेवटचं वाक्य दुसरी कथा हाताशी असेल तरच. नसेल तर गाळा. माफी, खुलासे, 'मला माहीत नव्हतं' वगैरे घालू नका, ऑगस्टात कुणी तीन परिच्छेद वाचत नाही. पत्रातला शब्द आपल्या हातानं खोडून सही करून पाठवू नका, बदललेलं पत्र त्यांच्याकडून येऊ दे.

मधली_सुट्टी · बुधवार, सकाळी १०:३५

पत्रात हक्कांबद्दल काय लिहिलंय? सगळे 'अप्रकाशित'वर अडकलेत, पण 'सर्व हक्क अंकाकडे' असं काही असेल तर ते जास्त महाग पडेल.

जुनी_शाई · बुधवार, सकाळी १०:५०

अंकात छापून आली की हक्क संपादकाचा, हे जगजाहीर आहे.

मधली_सुट्टी · बुधवार, सकाळी ११:०४

जगजाहीर आहे आणि चूक आहे. बाहेरच्या लेखकाची कथा छापल्यानं हक्क जात नाही. हक्क देण्यासाठी लेखी आणि तुमच्या सहीचा कागद लागतो, त्याच कॉपीराइट कायद्याचं कलम १९. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून सही करायच्या कागदावर 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत' हे दोन शब्द शोधायचे. दिवाळी अंकाला लागतो तो एकदा छापण्याचा हक्क, फार तर त्याच अंकाच्या ई-आवृत्तीचा. पुढे कथासंग्रह काढताना 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून अंकाचं नाव आणि वर्ष टाकायचं, ही रीत आहे.

कोरा_कागद · बुधवार, दुपारी १२:२०

हक्कांबद्दल काही नाही, फक्त मानधन 'अंक प्रकाशनानंतर' असं आहे. मेल पाठवतेय. अरे हो, दोन गोष्टी राहिल्या. ही कथा त्याच ॲपच्या स्पर्धेत होती, उत्तेजनार्थ मिळालं होतं. आणि कुणीतरी ती यूट्यूबवर वाचलीय, मला न विचारता, ४० मिनिटांचा व्हिडिओ आहे. ते लिहायचं का मेलमध्ये?

रफार · बुधवार, दुपारी १२:२६

!!!

अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. पत्रात 'अप्रसारित' आहे!

तळटीप · बुधवार, दुपारी १२:४५

मेल थांबवा, पाच मिनिटांचं काम आहे.

स्पर्धेचे नियम ॲपच्या सर्वसाधारण अटींपेक्षा वेगळे असतात आणि भाग घेतल्यावर तेच लागू होतात. स्पर्धेचं पान उघडा. 'पारितोषिकप्राप्त कथांचे संकलन' असा उल्लेख आहे का? आयोजक ई-पुस्तक काढणार असतील तर ते निघालंय का, आणि ठरावीक महिने कथा दुसरीकडे न देण्याची अट आहे का? पान निघून गेलं असेल तर तेव्हा आलेला मेल शोधा, नाहीतर आयोजकांना विचारा. अट नसेल तर मेलमध्ये 'या कथेला स्पर्धेत उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं आहे' हे घाला. संपादकांना नंतर दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं.

व्हिडिओबद्दल एक ओळ : 'माझ्या परवानगीशिवाय एका वाहिनीवर वाचन झालं आहे, ते काढण्याची तक्रार करत आहे.' आणि तक्रार खरंच करा. यूट्यूबच्या कॉपीराइट फॉर्ममध्ये समोरच्याला स्वतःहून काढायला ७ दिवस देण्याचा पर्याय असतो. हौशी वाचक असेल तर तो पुरतो. फॉर्ममध्ये खरं पूर्ण नाव द्यावं लागतं आणि तक्रार कुणी केली ते समोरच्याला कळतं, टोपणनाव जपत असाल तर हे आधी लक्षात घ्या. पुराव्याला ॲपवरच्या पानाचा दुवा द्यायचा. म्हणून सकाळी म्हटलं, डिलीट करू नका.

मधली_सुट्टी · बुधवार, दुपारी १:०५

दुसरा रस्ता २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५. लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत चालू करता येतो, आणि दावा लावण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. एका कथेसाठी कुणी एवढं करत नाही. फॉर्मच भरा.

नुसताच_वाचक · बुधवार, दुपारी १:३०

कथा कुठे वाचायला मिळेल? पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)

कोरा_कागद · बुधवार, दुपारी ४:१५

स्पर्धेच्या नियमांत संकलनाचं काही नाही, बघितलं. मेल गेला. त्यांचं लगेच उत्तर आलं, पण भलतंच : 'तुमच्या फाइलमधली अक्षरं फुटली आहेत, युनिकोडमध्ये पुन्हा पाठवा.' माझ्याकडे तर नीट दिसतंय!

पहिली_वेलांटी · बुधवार, दुपारी ४:३८

आता माझा प्रांत. टाइप कशात केलं? कुणाकडून डीटीपी करून घेतलं का? पाठवलं काय, डॉकएक्स की पीडीएफ?

कोरा_कागद · बुधवार, दुपारी ४:५०

ओळखीच्या एकांनी श्रीलिपीत (ते जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर) करून दिलं, मी नेटवरच्या कन्व्हर्टरमधून काढलं. पीडीएफ पाठवली, अक्षरं हलू नयेत म्हणून.

पहिली_वेलांटी · बुधवार, संध्याकाळी ५:२०

दोन्हीकडून मार खाल्लात. पीडीएफ बघायला छान, पण तिच्यातून मराठी मजकूर कॉपी केला की जोडाक्षरं आणि वेलांट्या सुटतात, आणि अंक लावताना मजकूर कॉपीच करायचा असतो. डॉकएक्स पाठवा. सोबत पीडीएफ हवी तर फक्त ताडून बघायला.

कन्व्हर्टर का चुकतो : जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. 'कि' मध्ये वेलांटी आधी, क नंतर. 'धर्म' मध्ये रफार म च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं, म्हणजे क मग वेलांटी, आणि र् मग म. ही अदलाबदल जोडाक्षरांपाशी हुकते. म्हणून 'स्थिती', 'व्यक्ती', 'निर्मिती', 'वर्षं' असे शब्द आधी तपासा. वर्डमध्ये शोधाच्या चौकटीत एक मोकळी जागा आणि लगेच ि टाका, सुटलेल्या वेलांट्या ठिपक्यांच्या वर्तुळासकट सापडतील. मग 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले सगळे शब्द : सुऱ्या आणि सूर्याची गल्लत इथे होते. ॲ चा अ आणि ॅ असा तुकडा झाला असेल तर 'सगळे बदला' करून एकच अक्षर करा. अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात, संवाद जास्त असतील तर तिथे वेळ जाईल. शेवटी मूळ आणि नवी फाइल, दोन्हींची शब्दसंख्या बघा. पाच-सात शब्दांचा फरक चालेल, पन्नासचा असेल तर कुठेतरी शब्द मधोमध तुटलेत.

कथा किती शब्दांची?

कोरा_कागद · बुधवार, संध्याकाळी ५:३१

४२००.

पहिली_वेलांटी · बुधवार, संध्याकाळी ५:३६

मग दुरुस्त करत बसू नका. ॲपवर टाकलेली प्रत युनिकोडच असणार. ती उतरवून घ्या, त्यात अंकासाठी केलेले बदल घाला. दोन तासांत होईल.

रफार · बुधवार, संध्याकाळी ५:४४

डिलीट न केल्याचा आणखी एक फायदा.

खडूफळा · बुधवार, संध्याकाळी ६:१०

धाग्यात 'अप्रकाशित' बरोबर लिहिलंय, पण पुष्कळ जण 'अप्रकाशीत' लिहितात. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे तत्सम शब्दातली मधली वेलांटी मुळाप्रमाणे, म्हणजे ऱ्हस्वच. शेवटचं अक्षर मात्र दीर्घ : कवी, मती.

मधली_सुट्टी · बुधवार, संध्याकाळी ६:१८

@खडूफळा, शुद्धलेखनाचा वेगळा धागा काढा, मी येतो.

@कोरा_कागद, अंकात टोपणनाव छापायचं असेल तर मेलमध्ये खरं नाव वेगळ्या ओळीत द्या. मानधन बँकेतल्या नावावरच जमा होतं.

कोरा_कागद · गुरुवार, दुपारी ३:४०

नवीन पत्र आलं! 'छापील माध्यमात अप्रकाशित' असं बदलून दिलंय, 'अप्रसारित' काढलंय. कथेखाली 'पूर्वप्रसिद्धी : अमुक ॲप' अशी ओळ येणार. मात्र अंक बाजारात येईपर्यंत ॲपवरचे सहाही भाग बंद ठेवा म्हणतात. सही करून पाठवलं. फाइलही गेली, एकही वर्तुळ नाही. व्हिडिओवाल्याला ७ दिवस दिलेत.

जुनी_शाई · गुरुवार, दुपारी ३:५५

म्हणजे शेवटी काढायलाच लावली ना कथा? मंगळवारी काय सांगत होतो मी?

तळटीप · गुरुवार, दुपारी ४:०२

@कोरा_कागद, ड्राफ्टमध्ये टाका, डिलीटवर बोट जाऊ देऊ नका. पण व्हिडिओच्या तक्रारीत याच पानाचा दुवा दिलाय ना? मग आधी ॲपवाल्यांचा प्रसिद्धीच्या तारखेचा मेल शोधून हाताशी ठेवा, आणि मगच सहाही भाग बंद करा.