दागिन्यांची लाकडी पेटी: झाकणावर नाव कोरायचंय, सांधे आणि अस्तराबद्दल सल्ला हवा

कोकणपट्टी:
बहिणीला लग्नात द्यायला सागवानी पेटी करायची आहे. अंदाजे 10 x 7 इंच, उंची 4 ते साडेचार इंच. लाकूड जुन्या दाराचं, चांगलं मुरलेलं. हत्यारं: बारीक दातांची करवत, रंधा, पटाशी, गुण्या, ड्रिल. राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) नाही. झाकणावर तिचं नाव देवनागरीत हवंय, त्यात रफार आहे. आत बांगड्या, नथ, तन्मणी, ठुशी आणि थोडं चांदीचं ठेवलं जाईल.
फळी किती जाड घ्यावी? कोपरे कसे जोडावेत? झाकण वाकू नये म्हणून काय करावं? आणि अस्तर कशाचं?

पटाशी:
आधी बांगडीचं माप घ्या, पेटी त्यावरून ठरते. 2.6 ची बांगडी म्हणजे 2 पूर्णांक 6 सोळांश इंच, आतला व्यास 60 मिमी. पाटली जाड असेल तर बाहेरून 70 पर्यंत जाते. 2.8 ला आतून साडेत्रेसष्ट. म्हणून मी सुचवेन: बाहेरून 250 x 180 x 110 मिमी, फळी रंधून 10 मिमी. आत 230 x 160 मिळतात. त्यातला 80 मिमीचा कप्पा बांगड्यांचा, 6 मिमीची मधली फळी, उरलेल्या 144 मध्ये वर ट्रे आणि खाली मोकळी जागा. ट्रे पूर्ण पेटीभर करू नका. उभ्या बांगड्या खालच्या भागाच्या थोड्या वर येतात, त्यांना झाकणातली पोकळी लागते.

चारही बाजू एकाच फळीतून, ओळीने कापा. 1 मीटर लांब, 110 रुंद फळी पुरते. रेषा कोपऱ्यावरून वळून पुढे गेलेल्या दिसतात, पेटीचं अर्धं सौंदर्य त्यात असतं. दार जुनं आहे, तेव्हा रंध्याचं पातं लावण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा.

तळ आणि वरची फळी ज्यात बसतात त्या खाचा तुकडे करण्याआधी, अखंड फळीवरच पाडून घ्या. हाताने सागात 4 मिमीची खाच पाडणं म्हणजे शिक्षा आहे. वखारीजवळच्या फर्निचर कारखान्यात कटर मशीनवर दहा मिनिटांचं काम. खोली 5 मिमी, दोन्ही कडांपासून 6 मिमी आत. तळाचा प्लायचा तुकडा सोबत न्या, कारण 4 मिमी म्हणून विकला जाणारा प्लाय बहुधा त्याहून पातळ भरतो आणि मग तळ खुळखुळतो.

कोपरे 45 अंशांत. करवतीच्या साच्यातून आलेला काप तसाच चिकटवू नका. 45 चा ठोकळा टेकवून रंध्याचा एकेक हात मारा. समोरासमोरच्या बाजू पाठीला पाठ लावून नखाने तपासा, लांबीत नखाला लागेल इतकाही फरक नको. कोरडी जुळणी करताना फट आतून दिसली तर काप 45 पेक्षा जास्त तिरका झालाय, बाहेरून दिसली तर कमी.

चिकटवताना चारही तुकडे बाहेरची बाजू वर करून ओळीत ठेवा, ब्राऊन टेप ताणून लावा, पट्टी उलटी करा, फेव्हिकॉल लावा, तळ आणि वरची फळी खाचेत बसवून गुंडाळा. तिरक्या कापातून लाकडाची टोकं उघडी पडलेली असतात, ती गोंद पिऊन टाकतात. म्हणून पहिला पातळ हात, पाच मिनिटं थांबून दुसरा. लगेच दोन्ही कर्ण मोजा, फरक 1 मिमीच्या आत हवा. मग 24 तास हात लावू नका.

नुसता तिरका सांधा नाजूक असतो. सुकल्यावर प्रत्येक कोपऱ्यात करवतीने आडव्या चिरा घ्या (खाली दोन, झाकणाच्या भागात एक) आणि त्यात शिसवीच्या पातळ चकत्या गोंद लावून बसवा. झाकण जिथून कापायचं त्या रेघेवर चीर येऊ देऊ नका.

हो, पेटी बंदच चिकटवायची आणि झाकण नंतर कापायचं. वरून 32 मिमीवर चारही बाजूंनी सुरीने रेघ मारा. आधी लांब बाजू कापा. कापलेल्या चिरेत करवतीच्या जाडीचं पुठ्ठं सरकवून वर टेप लावा, मग आखूड बाजू. नाहीतर शेवटी झाकण खाली बसून करवत चावते आणि कोपऱ्याचा टवका उडतो. कापलेल्या कडा काचेवर चिकटवलेल्या 150 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा.

कोकणपट्टी:
वरची फळी अखंड सागाची ठेवू की प्लाय? नाव त्यावरच येणार.

पटाशी:
सागाचीच, पण खाचेत मोकळी. साग कमी हलणारं लाकूड असलं तरी 160 मिमी रुंदीत मे आणि ऑगस्ट यांत दीड मिमीपर्यंत फरक पडू शकतो. फळी 8 मिमी जाड घ्या, कडा 4 मिमीपर्यंत पातळ करा. खाचेतल्या भागासह पूर्ण माप 240 x 170 होतं. रुंदी पावसाळ्यात बनवत असाल तर 169, उन्हाळ्यात असाल तर 167 ठेवा. गोंद फक्त आखूड बाजूंच्या मध्यावर, एकेक थेंब. चारही बाजूंनी चिकटवलीत तर पहिल्याच पावसात कोपरे उघडतील किंवा उन्हाळ्यात फळी तडकेल.

रफार:
नावाचं काम वरची फळी पेटीत बसवण्याआधी करून घ्या. बिघडलं तर एक फळी जाते, पेटी वाचते. मध्य काढताना खाचेत लपणारी 5 मिमी कड सोडून मोजा.

लेझरवाल्याकडे नाव टाइप करून पाठवू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि रफार सुटून 'शर्वरी'चं 'शर्‌वरी' होतं. चालवणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याच्या लक्षातही येत नाही. अक्षरांच्या बाह्यरेषा करून पीडीएफ किंवा एसव्हीजी द्या आणि आधी पुठ्ठ्यावर एक प्रत काढून घ्या.

अक्षराची उंची मात्रा सोडून 18 मिमी, सर्वात बारीक रेघ 0.8 मिमीच्या खाली नको, खोली अर्धा मिमी. सागात मऊ आणि कडक रेषा आलटून पालटून येतात, मऊ भाग जास्त खोल जळतो. फार नाजूक वळणाचा टंक घेतला तर शिरोरेखा कुरतडल्यासारखी दिसते, ठसठशीत घ्या.

फळीला आधी लाखेचा एक हात, तो सुकल्यावर कागदी मास्किंग टेप, मग कोरीव. टेप काढून काजळी टूथब्रश आणि टर्पेंटाइनने काढा. स्पिरिटने नको, लाख विरघळून काजळी शेजारच्या लाकडात उतरते.

मोतीचूर:
अस्तराबद्दल. फर्निचरवाले लोकरी फेल्ट सुचवतात. चांदी असेल तर ते नको. लोकरीत गंधक असतं, त्याची वाफ बंद पेटीत चांदी काळी करते. रबर आणि रबरी चिकटद्रव्यंही टाळा. सुती मखमल घ्या, एकदा नुसत्या पाण्यात धुऊन वाळवा. ती थेट लाकडाला न चिकटवता जाड कार्डावर ताणून, कडा मागे दुमडून चिकटवा आणि ते कार्ड कप्प्यात दाबून बसवा. कार्ड प्रत्येक बाजूने 1 मिमी लहान कापा, मखमलीची जाडी तेवढी जागा खाते.

अंगठ्या-कुड्यांच्या खाचांसाठी फोम वापरू नका, काही वर्षांत तो चिकट भुगा होतो. 12 ते 15 मिमी जाड सुती दोर मखमलीत गुंडाळून शेजारी शेजारी ठेवा.

नथ आणि तन्मणीचे मोती आम्लाच्या वाफेने निस्तेज होतात. त्यामुळे मधल्या फळ्या आणि ट्रे एमडीएफचे (दाबलेल्या भुश्याच्या फळीचे) करू नका. आतून तेल किंवा पीयू (पॉलीयुरेथेन पॉलिश) नको, लाखेचे दोन पातळ हात पुरे. अर्धा लिटर स्पिरिटला 90 ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या), रात्रभर भिजवून गाळून घ्या. पावसाळी दमट दिवशी हा हात मारला तर पांढुरकं धुकं धरतं, कोरडा दिवस बघा. मग दोन-तीन आठवडे झाकण उघडं ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच अस्तर बसवा. कापूर किंवा डांबराच्या गोळ्या आत टाकायच्या नाहीत हेही बहिणीला सांगा.

पटाशी:
बिजागऱ्यांचं राहिलं. पितळेच्या, 1 इंची, टोकांपासून 40 मिमीवर. पान 10 मिमीच्या कडेत मावायला हवं, दुकानात मोजून घ्या. फार खोल बसवली तर झाकण मागे अडतं आणि पुढून फट राहते, मग पानाखाली पुठ्ठ्याची चकती सरकवावी लागते. पितळी स्क्रू सागात पिळताना मान मोडते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा, शेवटी पितळी, साबण लावून. झाकण साधारण 100 अंशांवर थांबेल अशी बारीक साखळी लावा. ते मागे पडत राहिलं तर स्क्रू उपटून येतात.