वय वाढलं की ऑटिझम निवळतो का?

मोठी बहीण : माझ्या ५२ वर्षांच्या भावाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. लहानपणी दारावरची घंटा वाजली की तो कान दाबून पलंगाखाली शिरायचा. आता पाहुण्यांशी बसून बोलतो. म्हणून मला ठाम वाटतं, वयाबरोबर ऑटिझम निवळतो. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांविषयी लिहिलं, त्यांतले पहिले डोनाल्ड ट्रिपलेट. पुढे त्यांनी बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, देशोदेशी फिरले. २०२३ मध्ये ८९व्या वर्षी ते गेले.

सायली_४८ : 'निवळतो' हे साफ नामंजूर. माझं निदान ४६व्या वर्षी झालं. तोवर कुठे हसायचं, किती वेळ डोळ्यांत बघायचं, हे सगळं मी पाठ करून निभावलं. याला मास्किंग म्हणतात आणि त्यात जीव मेटाकुटीला येतो. रजोनिवृत्ती जवळ आली तसं तेही जमेना; आवाज, उजेड पुन्हा अंगावर यायला लागले. ट्रिपलेट यांना सधन घर होतं, सांभाळून घेणारं गाव होतं. कॅनर यांनीच १९७१ मध्ये त्या मुलांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा घरापासून दूर, मोठ्या निवासी संस्थांत ठेवलेल्यांची अवस्था वाईट होती. हा फरक वयामुळे पडला का?

बाबा६१ : तुम्ही दोघी बोलू शकणाऱ्यांविषयी बोलताय. माझा मुलगा २४ वर्षांचा, तो बोलत नाही. चौदाव्या वर्षी त्याला फिट येऊ लागल्या. ऑटिझममध्ये किशोरवयात असं होऊ शकतं, हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षी आठवडाभर तो भिंतीवर डोकं आपटत होता. 'वागणूक बिघडलीय' म्हणून औषध वाढवलं. निघाली किडलेली दाढ! अजून मनाला लागून आहे ते. त्याचं दुखणं मला चेहऱ्यावरून कळतं, तरी तेव्हा चुकलो. माझ्यानंतर ते कोण ओळखणार? मी आता त्याच्या खाणाखुणा वहीत लिहून ठेवतोय.

मोठी बहीण : सायली, पाहुणे गेले की भाऊ अंधार करून दोन-दोन तास पडून राहतो. ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. 'निवळतो' मागे घेते. 'शिकला' मात्र सोडणार नाही, ते त्याच्या कष्टाचं आहे. बाबा, वहीत काय काय लिहिता? मलाही सुरू करायची आहे.