देवराईतील झऱ्याच्या दाव्यासाठी मदत हवी आहे

अकोले तालुक्यातील आमच्या महादेव कोळी वाडीचा देवराईतील झरा मे महिन्यातही आटत नाही, कारण तिथे चपला घालून जायचे नाही आणि वाळलेली फांदीसुद्धा उचलायची नाही, हा दंडक वडीलधाऱ्यांनी काटेकोर पाळला. आता सामूहिक वनहक्काचा (जंगलावरील गावाच्या एकत्रित हक्काचा) दावा भरताना, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार जलस्रोत व पाणलोट राखण्याचा ग्रामसभेचा अधिकार आम्हाला त्यात ठळकपणे मांडायचा आहे. याच कायद्याखालील नियम १३ प्रमाणे दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचे लेखी जबाब पुरावा ठरतात. परंतु आमच्या आजींना झऱ्याच्या खुणा बोलून नव्हे, चालूनच सांगता येतात. असे जबाब कसे लिहावेत, आणि नकाशाला कसे जोडावेत? कुणाकडे मंजूर दाव्याचा नमुना असल्यास कृपया द्यावा.